राबावरची माती

आमच्या वाडीत माणसाचं वय कारवीवर मोजत. शाळेच्या दाखल्यावर प्रत्येकाला एक जन्मतारीख होती, पण ती मास्तरांनी आपल्या सोयीनं घातलेली, त्यामुळं अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला यायचा. खरं वय आईला विचारायचं, आणि आई सांगायची, "तू त्या कारवीचा." कारवी सात वर्षं नुसती वाढत राहते. आठव्या वर्षी श्रावण-भादव्यात सगळा उतार एकाच वेळी जांभळा होतो आणि फुलोरा संपला की झुडपं उभ्या जागी वाळून जातात. जाताना काठीकाठीवर बोंडं ठेवून जातात. ही बोंडं पुढच्या पावसाळ्यापर्यंत गप्प असतात. अंगावर पाणी पडलं की तडातड फुटतात आणि बी लांब फेकतात. तो आवाज घरात ऐकू यायचा. आई चुलीपाशी बसून म्हणायची, डोंगरानं फुटाणे भाजायला घेतले. या हिशेबानं, मी सांगतोय ते घडलं तेव्हा मी दोन कारव्यांचा होतो. मिसरूड आलेलं होतं, अक्कल वाटेत होती. आता आठ कारव्या झाल्यात आणि ती अजून पोचलेली नाही असं घरच्यांचं मत आहे.

आमचं घर मार्गासनीहून वेल्ह्याकडं जाताना रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायाशी. घरामागं भाताची खाचरं, खाचरांमागं कारवीचा उभा उतार, उतार संपला की एक सपाटी, आणि सपाटीवर धनगरांची चार घरं. सपाटीच्या जरा खाली कातळाच्या फटीतून झरा वाहायचा. धनगरांची म्हसरं, धनगरांची माणसं आणि उरलंसुरलं पिणारं आमचं वरचं खाचर, एवढी मंडळी त्या पाण्यावर होती. भर उन्हाळ्यात त्याची धार मनगटाएवढी असायची. वरच्या चार घरांत मुख्य घर धाकूबाबाचं. हा उंच, वाकलेला, बोलायला कंजूष माणूस. त्याची बायको जनाई. नवऱ्याचं राहिलेलं सगळं बोलणं ती पुरं करायची. सकाळी ती वरून हाक द्यायची, आई खालून ओ द्यायची, आणि मग दोघींचं अर्धा डोंगर मधे ठेवून बोलणं चालायचं, कुणाची म्हैस आटली आणि कुणाची सून रुसली, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. वरून ताक, तूप आणि राबासाठी शेण खाली यायचं. खालून तांदूळ आणि पेंढा वर जायचा. त्यांच्या घरांना दगडाच्या भिंती नव्हत्या. कारवीच्या काठ्या विणून कूड करायचा, त्यावर शेणमातीचा गिलावा. कारवी वाळली की तिच्याच काठ्यांनी जुने कूड बदलायचे, म्हणजे माणसांचं वयही कारवीचं आणि घरांचंही.

राब म्हणजे काय, ते सांगतो, कारण माझ्या सगळ्या पराक्रमाचं मूळ त्यात आहे. भाताची रोपं जिथं करायची ती जमीन उन्हाळ्यात भाजून घ्यायची. आधी शेणाचा थर, त्यावर झाडाच्या डहाळ्या आणि पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. ती माती महत्त्वाची. तिच्यामुळं राब धुमसत राहतो, भडकत नाही. आणि पेटवायचा तो पहाटेच्या थंडाव्यात, वारा नसताना, वाऱ्याच्या उलट्या अंगानं, दोन माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी करून. हे आमच्याकडं चालायला लागलेल्या पोराला माहीत असतं. मला तर फारच चांगलं माहीत होतं, कारण आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी तेच तेच सांगायचे आणि मी दरवर्षी "व्हय आबा" म्हणायचो.

त्या चैत्रात आबा दोन दिवस परगावी गेले होते. जाताना म्हणाले, खालच्या खाचरातला राब उद्या पहाटे भाजून घे, चुलत्याला बरोबर घे. दुसऱ्या दिवशी मार्गासनीला कुस्त्या होत्या. मला कुस्ती येत नव्हती, पण कुस्ती बघताना खांदे कसे उडवायचे ते येत होतं. पहाटे मला जाग आली नाही. उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. चुलते दुसरीकडं गेलेले. थर सगळे रचून झाले होते, फक्त वरची माती राहिली होती. ती ओढ्याच्या काठावरून पाटीनं वाहून आणायची. पंधरा-वीस पाट्या. मी पहिली पाटी आणली, दुसरी आणली, आणि तिसऱ्या पाटीला मला हलगीचा आवाज ऐकू आला. मार्गासनी तिथून इतकी लांब की हलगी ऐकू येणं शक्य नाही, हे मला आज कळतं. त्या वेळी स्पष्ट ऐकू आली. मी पाटी टाकली आणि काडी ओढली.

पुढचं फार लवकर झालं. वारा खालून वर निघाला होता. राब धुमसण्याऐवजी उभा पेटला, बांधावरच्या वाळल्या गवताला लागला, आणि मी डहाळी तोडायला झाडापर्यंत जाऊन येईपर्यंत आग कारवीत शिरली. आदल्या श्रावणातच कारवी फुलून गेली होती. म्हणजे सगळा उतार वाळून काठी झालेला, आणि प्रत्येक काठीवर न फुटलेली बोंडं. कारवीच्या जळण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे, पण त्याला उपमा द्यावीशी वाटत नाही. मी तेव्हा काय केलं, ते असं चारचौघांत सांगायला मला सहा कारव्या लागल्या. मी डोंगराकडं धावलो नाही. आधी ओढ्याकडं धावलो, पाटी भरली, आणि जळून गेलेल्या राबावर माती पसरली. सात पाट्या, नीट हातानं सारखी करून. मग आरडाओरड करत वर गेलो.

सगळी वाडी धावली. ओल्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग उताराच्या दोन्ही बाजूंना अडवली. धनगरांची घरं वाचली, कारण धाकूबाबानं फाल्गुनातच घरांभोवतीचं गवत खरडून काढलं होतं. मधला सगळा उतार मात्र गेला. आग झोडपण्यात सगळ्यांत पुढं कोण होतं म्हणाल, तर मी. माझ्या हातांना फोड आले, भुवया जळाल्या. जनाईनं मला दारात बसवलं, तळहातांना लोणी चोळलं, तांब्याभर ताक दिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की किसन नसता तर आज आमचे कूड गेले असते. मी ताक प्यालो. आंबट होतं, जिरं घातलेलं होतं. इतकं चांगलं ताक मी आयुष्यात दुसरं प्यालो नाही, हेच तर वाईट.

दोन दिवसांनी जंगल खात्याचा गार्ड आला. त्या आठवड्यात खोऱ्यात घरोघर राब भाजले जात होते, बांधावरचं गवत सगळ्यांचंच जळलं होतं, तेव्हा आग नेमकी कुठून गेली ते कुणी छातीठोक सांगेना. गार्डानं आमचा राब पायानं उकरून बघितला. वर माती होती. त्यानं मान डोलावली आणि नजर वर नेली. वणवा म्हटला की धनगरांनी गवतासाठी लावला, असं खोऱ्यात धरूनच चालत. धाकूबाबाला वेल्ह्याला बोलावणं आलं, मग पुन्हा आलं, मग तिसऱ्यांदा. तो दर वेळी चालत जाऊन चालत यायचा आणि आमच्या घरावरून जाताना आईकडं पाणी मागायचा. मी आत बसून राहायचो. त्या वर्षी मला कुठं बसवेना. जेवताना उठायचो, खाचरातून मधेच निघायचो, काही कारण नसताना उतारावर जाऊन काळी जमीन बघून यायचो. आई म्हणायची, ह्याच्या पायाला काय लागलंय.

पाऊस आला आणि त्या काळ्या उतारावर गवत आलं. असं गवत की गुडघ्यापर्यंत, हिरवंगार, जनावरं मान वर काढेनात. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बघून जायची आणि म्हणायची की ज्यानं कुणी वणवा लावला त्याचं भलं होऊ दे. एका म्हाताऱ्यानं तर पुढच्या साली आपल्या डोंगरालाही असाच लावायचा बेत सांगितला. मला इतकं सुटल्यासारखं झालं की एकदा चावडीवर, चार माणसांत, मी तोंड उघडून "तो वणवा" इथपर्यंत आलोही होतो, श्रेय घ्यायला. नशीब, तेवढ्यात कुणी तरी तंबाखू मागितली.

आषाढात डोंगर खाली यायला लागला. आधी चहाच्या रंगाचं पाणी, मग चिखल, मग चिखलात दगड. गवताची मुळं वरवरची. कारवीच्या मुळांनी धरलेली माती त्यांना धरता येईना. आमच्या वरच्या खाचरातली लावणी एका दुपारीत गाडली गेली. आबा कमरेएवढ्या चिखलात उभे राहून रोपं चाचपत होते, हाताला लागेल ते रोप उभं करत होते, आणि मी शेजारी उभा राहून तेच करत होतो, अगदी जोरात. बांधावरचे खेकडे दिसेनासे झाले. श्रावणात जिथं मधमाश्यांचा गोंगाट असायचा तिथं रानमोडी उगवली. हे झुडूप परमुलखातून आलेलं, जनावर त्याला तोंड लावत नाही, आणि मोकळी जमीन दिसली की ते धावत येतं. कार्तिकात गवत वाळलं आणि रानमोडी तेवढी हिरवी राहिली. मग तिच्या आडोशाला रानडुकरं राहायला आली, कारण आता लपायला जागा होती आणि खाली आमचं भात होतं. एकानं जागा सोडली की दुसरा शिरत होता. डोंगर रिकामा राहत नाही, हे मी त्या वर्षी बघितलं. तो कुणाला ठेवून घेईल हे मात्र आपल्या हातात नसतं.

आणि झरा. पावसात तो गढूळ होऊन धो धो वाहिला, दिवाळीला निवळला, पौषात त्याची धार करंगळीएवढी झाली. माघात जनाई करवंटी लावून बसायला लागली. हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. तिचं आणि आईचं ओरडून बोलणं थांबलं, कारण जनाई सारखी झऱ्यापाशी असायची आणि तिथून आवाज खाली येत नसे. फाल्गुनात धाकूबाबानं आबांना सांगितलं की आठ दिवसांत चारी घरं खाली निघणार. भाटघरला धरणाच्या पाण्याकडंला त्याचा जावई होता, तिकडं म्हसरं न्यायची. परत कधी, असं आबांनी विचारलं. धाकूबाबा म्हणाला, पाणी असल तवा.

निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. सामान बांधायला हात लावावा, असं मी घरी सांगितलं होतं. धाकूबाबा दोर वळत होता. जनाई आतून मडकी काढत होती. मी दोराचं दुसरं टोक धरलं.

"बाबा, वणवा म्या लावला."

त्यानं पीळ देणं थांबवलं नाही. "कुठला?"

"ह्योच. राबावर माती टाकली न्हवती."

"गार्डानं बगितली की माती."

"ती मागनं टाकली. पेटल्यावर."

जनाई मडकं घेऊन दारात उभी होती. तिनं मडकं खाली ठेवलं. ती शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. तिच्या शिव्या खोऱ्यात नावाजलेल्या होत्या. तिनं एकही दिली नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "आन म्या ह्याच्या हाताला लोनी लावलं."

एवढंच. धाकूबाबानं दोराची गाठ मारली, ओढून बघितली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"रडायचं आसल तर खाली जाऊन रड. हितं पानी सांडू नगंस, हाय तेवढं पुरंना." मग म्हणाला, "बी कुठनं आननार ते सांग."

मला कळेना. त्यानं समजावून सांगितलं, कुत्र्याच्या पिल्लाला सांगावं तसं सावकाश. कारवीचं बी जमिनीत नव्हतं. ते काठ्यांवर होतं आणि जळालं. आता हा उतार शंभर वर्षं वाट बघत बसला तरी त्याच्याकडं पेरायला काही नाही. पण प्रत्येक डोंगराचं कारवीचं साल वेगळं असतं. भोरच्या मागं, जनाईच्या माहेरच्या डोंगरावर कारवी गेल्याच पावसाळ्यात फुलून गेली होती. तिथं बोंडं उभी असतील, पाऊस येईपर्यंत. "जा आन घिऊन ये. आन जायच्या आदी तुझ्या आबाला सांग, आन त्या गार्डाला सांग. माजं चप्पल झिजलं तिकडं जाऊन."

आबांना सांगितलं. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं, आणि मी वैशाखापर्यंत वरच्या खाचरातला चिखल उपसत राहिलो. गार्डाकडं गेलो तर तो ऐकायलाच तयार होईना. कागद झालाय, म्हणाला, आणि तुला कुणी पढवून पाठवलंय ते मला ठाऊक आहे. मी गुन्हा माझा आहे म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्यानं मला कचेरीबाहेर काढलं. गुन्हा कबूल करायला गेलेला आणि हाकलून दिलेला माणूस आमच्या खोऱ्यात मी एकटाच असेन. पण तिसऱ्या खेपेला तो कंटाळला आणि धाकूबाबाला पुन्हा बोलावणं आलं नाही.

वैशाखात मी भोरला गेलो. उत्रोलीपासून पुढं चालत, जनाईच्या भावाच्या घरी चार दिवस राहिलो आणि कारवीची बोंडं तोडून दोन पोती भरली. बोंडं हलकी, टोचरी. पोतं भरलं तरी डोक्यावर वाऱ्यासारखं. भावानं बजावलं होतं, पाण्याचा थेंब लागू देऊ नको. आभाळात ढग नव्हता. मी एसटीत मागच्या बाकापाशी दोन्ही पोती उभी केली आणि जग जिंकल्यासारखा बसलो. भाटघरच्या फाट्यावर एक मासेवाली चढली. धरणातले ताजे मासे, पाटीवर ओलं फडकं. पाटी कुठं ठेवावी हे बघत तिनं ती माझ्या एका पोत्यावर टेकवली. मी खिडकीतून धरणाकडं बघत होतो, त्या पाण्याकडंला धाकूबाबाची म्हसरं दिसतात का म्हणून.

पहिलं बोंड फुटलं तेव्हा मला वाटलं टायर गेलं. मग दुसरं, मग दहा, मग मोजता येईना. पोतं आतून लाह्या भाजल्यासारखं उडायला लागलं, बी पोत्याच्या विणीतून माणसांच्या अंगावर येऊ लागलं. मासेवाली पाटी उचलून बाकावर चढली आणि म्हणाली, "कंडक्टर, ह्या पोराच्या पोत्यात कायतरी जित्तं हाय." मी बी आहे, बी आहे, असं सांगत होतो, पण तडतडण्यात कुणाला ऐकू जाईना, एका आजोबांनी मला साप धरणाऱ्यांतला समजून दूर सरायला सांगितलं. गाडी थांबली. कंडक्टरनं ते पोतं पायानं ढकलून खाली टाकलं, रस्त्याकडंला ते आणखी बराच वेळ फुटत राहिलं आणि सगळी गाडी खिडक्यांतून ते बघत राहिली. दुसरं पोतं मी पोटाशी धरलं, अंगातला सदरा काढून त्याच्यावर घातला आणि नसरापूरपर्यंत उघडाच बसलो. मासेवालीनं उतरताना मला एक मासा दिला. सांत्वन म्हणून असावा.

आता आमच्या भागात फार्महाऊसवाले पाहुणे येतात, कुणाकडून तरी माझं नाव ऐकतात आणि विचारतात की डोंगर परत कसा उभा करायचा. त्यांना पद्धत हवी असते. माझी पद्धत सांगितली की ते वही मिटतात. कारण मी कारवी ओळीत पेरली. दोरी लावून, सरळ, भातासारखी. खाली उभं राहून बघितलं तर वाटावं सरकारी काम आहे. आणि ओळींसाठी जागा करायला रानमोडी मुळासकट उपटली, रोज, घाम गाळून, शत्रू असल्यासारखी. पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या ओळी उपटलेल्या मोकळ्या मातीसकट खाली आल्या, पुन्हा आबांच्या खाचरात. वरच्या कोपऱ्यात मात्र एक पट्टा होता, जिथं मी कंटाळून रानमोडी तशीच सोडली होती आणि उरलेलं बी तिच्यात भिरकावून घरी गेलो होतो. तिथली माती हलली नाही. श्रावणात रानमोडीची पानं बाजूला केली तर खाली सावलीत कारवीची रोपं, दोन दोन पानांची, दाटीनं. माझ्या कष्टानं जे गेलं ते माझ्या आळसानं राखलं. आईला दाखवायला नेलं तर ती म्हणाली, आता तरी जरा निवांत बस. पण मला ते जमत नव्हतं. मी रोज वर जायचो, रोपं मोजायचो, एक कमी भरलं तर खालीवर शोधायचो. झऱ्यातला गाळ काढायचो, धारेला करवंटी लावून ती किती वेळात भरते ते बघायचो. त्या नादात माझी दोन स्थळं मोडली. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, आणि वाडीतल्या लोकांनी खरं सांगितलं.

पुढच्या वर्षी माघात झऱ्याला पाणी टिकलेलं दिसलं तेव्हा मी कॅन भरला आणि भाटघरला नेला. धाकूबाबा जावयाच्या पडवीत बसला होता. धरणाचं एवढं पाणी समोर, आणि तो त्याच्याकडं पाठ करून. त्याचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. चारांपैकी दोन घरांतली पोरं पुण्याला कामाला गेली होती. त्यानं कॅन उघडून वास घेतला.

"कुठल्या म्हैन्यातलं?"

"माघातलं."

"माघात गाढवाला बी पानी मिळतं," म्हणाला आणि झाकण लावलं.

त्यानंतरच्या साली मी फाल्गुनातलं नेलं. त्यानं वास घेतला, पण प्याला नाही. मग एक वर्ष कमी पाऊस पडला, झरा पौषातच गेला, आणि मी मोकळ्या हातानं गेलो तर जनाईनं मला दारातच विचारलं की कॅन कुठाय. म्हणजे ती वाट बघत होती. ते मला फाल्गुनातल्या न प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त लागलं. रानमोडीतून कारवी आता वर निघाली होती, माझ्या छातीएवढी, आणि तिच्याखाली रानमोडी आपोआप विरळ होत चालली होती. बुलबुलांनी टाकलेल्या बियांतून करवंदीची झुडपं उठली होती. हे सगळं उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, नेमकं झऱ्याच्या डोक्यावर. बाकीचा उतार गवताचा आणि दगडाचा राहिला, तो आजही तसाच आहे. चैत्रातलं पाणी मी पाचव्या वर्षी नेलं. धाकूबाबानं ते ओंजळीत घेतलं, आणि सोडून दिलं.

सहाव्या वर्षी वैशाखात, कडक उन्हात, मी झऱ्यापाशी बसलो आणि हंडा भरेपर्यंत उठलो नाही. एक विडी ओढून झाली तेवढ्यात भरला. त्या दिवशी मी कॅन नेला नाही, कारण घाईत विसरलो. भाटघरला पोचून नुसतं म्हणालो, वैशाखातलं हाय, पर मागं ऱ्हायलं. जनाई हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. धाकूबाबा उठला, काठी घेतली आणि म्हणाला, मग चल.

वर चढायला त्याला अर्धा दिवस लागला. मधे मधे मी पाठीवर घेतो म्हणालो तर त्यानं काठी उगारली. झऱ्यापाशी तो बसला, प्याला, तोंड पुसलं. गोड न्हाई पैल्यासारखं, म्हणाला, आणि पुन्हा प्याला. मग आपल्या पडक्या घराकडं बघत राहिला. चारांपैकी तेवढं एकच घर परत आलं. बाकीच्यांना खाली रस्ता मिळाला होता, शाळा मिळाली होती, आणि त्यांना वर बोलवायला मला कोणत्या तोंडानं जाता येणार होतं. धाकूबाबा, जनाई आणि दोन म्हशी.

जेठाच्या आत घर उभं करायचं होतं. कुडाला काठ्या हव्यात म्हणून मी कोयता घेऊन माझ्या पट्ट्याकडं निघालो. उंच, सरळ, हातात भरतील अशा काठ्या होत्या. धाकूबाबानं मला मागं बोलावलं. ती कारवी अजून फुललेली नाही, म्हणाला, फुलून बी पडेपर्यंत तिच्यातली एक काठी तुटली तर तुझा हात तोडीन. मग कूड कशाचा करायचा, मी विचारलं. त्यानं काठीनं खालच्या बाजूला दाखवलं. रानमोडी.

तेव्हा आम्ही रानमोडीचा कूड विणला. वाकडीतिकडी लाकडं, विणायला जाल तर मोडणारी, गिलावा बसेना, बसला तर वाळल्यावर भेगा. असं घर त्या डोंगरावर आधी कुणी बांधलं नव्हतं. पावसाळ्यात आणि थंडीत त्या भिंतींतून वारा सरळ आत यायचा, चूल विझवायचा, भाकरीवर राख टाकायचा. मी वर गेलेला असलो की जनाई माझ्यासमोर तवा झाकायची, आणि आत येणाऱ्या वाऱ्याकडं बघून नवऱ्याला सांगायची, "आला बघा किसन."